मरोळच्या गच्चीवरचा गॅस

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी गंधाली मॅडमनी आम्हा बावीस एसी मेकॅनिकांना एकेक कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, "नाव लिहू नका. फक्त एवढंच लिहा, गेल्या वर्षभरात तुम्ही किती किलो गॅस हवेत सोडला."

सगळे हसले. मीही हसलो. आमच्या धंद्यात हा प्रश्नच नाही. एसीच्या नळ्यांमधून गॅस फिरतो, तोच खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. मशीन उघडायचं तर आधी तो गॅस सोडून द्यायचा. मला तसंच शिकवलं, मीही पुढच्यांना तसंच शिकवलं. एकतीस वर्षं झाली.

"मॅडम, मोजून कोण सोडतं?" मागून एकजण म्हणाला.

"अंदाजे लिहा."

"मग माझे शंभर धरा."

"माझे दीडशे. आमच्याकडे हॉटेलं जास्त आहेत."

"जा रे, तुला हॉटेलात कोण घेतं? तू दोनशे लिहिलेस तरी चालेल, निम्मा तर तुझ्या जॉइंटमधूनच लीक होतो."

परत हसणं झालं. मी एकशे वीस लिहिलं आणि कागद दुमडून पुढे दिला.

मॅडम तिशीच्या असतील. आमच्यासारख्या माणसांसमोर त्या आवाज चढवून बोलत नव्हत्या. सगळे कागद वाचून त्यांनी फळ्यावर एकच ओळ लिहिली. आर-बावीस गॅस एक किलो, म्हणजे कार्बन डायऑक्साइड अठराशे किलो.

"गाडीच्या धुरात, कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड असतो, हे तुम्हाला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तो वर जाऊन साठतो, जमिनीची उष्णता अडवतो, म्हणून पृथ्वी तापत चालली. तुमच्या नळीतला गॅस तेच काम करतो, पण अठराशे पट जास्त. तुमची मोटरसायकल चार वर्षं रोज चालवून जेवढं नुकसान होतं, तेवढं एक किलो गॅस सोडला की दोन मिनिटांत होतं. दिसत नाही, वास येत नाही, म्हणून कळत नाही."

"मग हे कंपनीवाल्यांना सांगा ना," मघाचाच माणूस म्हणाला, पण आता त्याचा आवाज बारीक होता. "आम्ही हातावर पोट असलेली माणसं."

"त्यांनाही सांगते. पण व्हॉल्व्ह त्यांच्या हातात नसतो. तुमच्या हातात असतो."

मी ऐकत होतो, पण माझं डोकं दुसरीकडे गेलं होतं. माझ्या घरी भिंतीवर एक काचेची चौकट आहे. बुद्धाच्या फोटोखाली कमलचा फोटो आहे आणि त्याच्या बाजूला ही चौकट. तिच्यावर एक आकडा लिहिलेला आहे. दहा महिने मी तो रोज बघत होतो आणि त्याचा अर्थ मला कळत नव्हता. त्या हॉलमध्ये बसल्या बसल्या तो कळला.

कमल माझी बायको. गेल्या जूनमध्ये गेली.

ती मुलुंडच्या एका सोसायटीत कचऱ्याचं काम करायची. आम्ही घाटकोपरला, असल्फ्याच्या डोंगरावर राहतो. तिथून ती रोज सकाळी सहाच्या बसने मुलुंडला जायची. आधी ती सोसायटीतला कचरा नुसता गोळा करायची. मग त्याच सोसायटीत राहणाऱ्या शर्मिष्ठाबाईंनी मागच्या अंगणात विटांचे चार हौद बांधून घेतले आणि कमलला खत करायला शिकवलं. शंभर घरांचा ओला कचरा. त्यात सुका पाला मिसळायचा, तीन दिवसांनी फावड्याने वरखाली करायचा. अकरा वर्षं तिने ते केलं. तिच्या हातांना वास यायचा, कितीही साबण लावला तरी.

घरी आली की मला सांगायची. "अहो, कचरा तसाच डंपिंगला गेला ना, की दाबला जातो. आत हवा नाही मिळत. मग कुजून त्यातून गॅस सुटतो, आणि त्या गॅसनं उन्हाळा वाढतो. म्हणून आपण पलटी मारायची. हवा दिली की तो गॅस होत नाही."

मी म्हणायचो, "तुझ्या चार हौदांनी मुंबईचा उन्हाळा कमी होणार होय?"

"न होऊ द्या. माझ्यानं वाढला तर नाही ना?"

असं म्हणून ती भाकऱ्या थापायला बसायची. मी हसायचो. आठवड्याला एक-दोन मशिनं हवेत रिकामी करणारा माणूस, मी हसायचो.

ती गेल्यावर शर्मिष्ठाबाई आणि सोसायटीचे लोक घरी आले, तेव्हा त्यांनी ती चौकट आणली होती. शर्मिष्ठाबाई इंजिनिअर आहेत, त्यांनी हिशोब केला होता. चौकटीत लिहिलं आहे, 'कमलताई कुंडलिक इंगळे. अकरा वर्षांत दोनशे टन ओला कचरा डंपिंगवर जाऊ दिला नाही. त्यामुळे शंभर टन कार्बन डायऑक्साइडइतका वायू हवेत जायचा वाचला.' बाई वाचून दाखवताना रडल्या. मी नुसती मान हलवली. शंभर टन म्हणजे काय, मला काय कळणार?

आता कळलं. मी मोबाईल काढला आणि भागाकार केला. शंभर टन म्हणजे एक लाख किलो. भागिले अठराशे. उत्तर आलं पंचावन्न.

मला वाटलं चुकलं. परत केलं. पंचावन्नच आलं.

कमलची अकरा वर्षं म्हणजे पंचावन्न किलो गॅस. वर्षाला पाच किलो. मी मघाशी कागदावर एकशे वीस लिहून दिले होते, ते एका वर्षाचे. माझ्या कानात शीळ वाजल्यासारखं झालं. शेजारच्याने विचारलं, "काका, पाणी देऊ का?"

पण एवढ्यावर भागलं नाही. दुपारी सगळे जेवायला उठले, मी बसून राहिलो, आणि मला तो फडका आठवला.

कमलला लिव्हरचा आजार होता. शेवटचे अडीच महिने ती घरीच होती. एप्रिल, मे आणि अर्धा जून. आमच्या घरावर पत्रा आहे. दुपारी आत बसवत नाही. तुम्ही म्हणाल, एसी मेकॅनिकच्या घरात एसी नाही? लावला होता. वस्तीतली वायर दोनदा जळाली. दुसऱ्यांदा शेजाऱ्याच्या घरात ठिणग्या पडल्या, तेव्हा काढून टाकला. कमलचं अंग आतून तापायचं. पंख्याची हवासुद्धा गरम यायची. ती काही मागायची नाही, नुसती कूस बदलत राहायची.

मग मी काय करायचो, कामावरून उरल्यासुरल्या गॅसचे सिलिंडर घरी आणायचो. फडका ओला करायचा, सिलिंडरच्या तोंडाभोवती गुंडाळायचा आणि दारात उभं राहून व्हॉल्व्ह थोडा उघडायचा. सूं करून गॅस निघतो आणि कपडा बर्फासारखा कडक होतो. मग थोडा सैल झाला की तो तिच्या कपाळावर ठेवायचा, तळपायांवर ठेवायचा. दिवसातून तीनदा, चारदा. पहिल्यांदा ठेवला तेव्हा तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "अगं बाई. हे कुठून आणलं?"

"काश्मीरहून."

"काही पण तुमचं." आणि ती हसली. त्या उन्हाळ्यात ती जे काही हसली ते तेवढंच.

एकदा तिने विचारलं होतं, "अहो, हा गॅस मग कुठं जातो?"

मी म्हणालो, "कुठं जाणार? हवेत."

"त्यानं काही होत नाही ना?"

"काही होत नाही."

"मग ठेवा अजून एकदा," ती म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत मी तेही मोजलं. रोज दीडशे ग्रॅमच्या आसपास. सत्तर दिवस. साडेदहा किलो. तिच्या दोन वर्षांचं काम मी तिच्याच कपाळावर उडवलं आणि तिला सांगितलं, काही होत नाही.

दोन दिवस प्रशिक्षण झालं, सर्टिफिकेटही मिळालं. गॅस परत ओढून घ्यायचं मशीन असतं, ते कसं लावायचं ते शिकवलं. एसीचा पाइप त्याला जोडायचा, दुसरा पाइप रिकाम्या टाकीला. मशीन गॅस ओढतं आणि टाकीत भरतं. टाकी वजनकाट्यावर ठेवायची, म्हणजे किती आला ते कळतं. मग तो साफ करून परत वापरतात, नाही तर भट्टीत नष्ट करतात. कठीण काही नाही. वेळ लागतो एवढंच. दोन मिनिटांच्या जागी पंचवीस मिनिटं.

शेवटी मी गंधाली मॅडमना गाठलं. म्हणालो, "मॅडम, हे मशीन मला रविवारी मिळेल का? एका दिवसासाठी."

"कुठे काम आहे?"

"मरोळला. एक जुनी ऑफिसची बिल्डिंग रिकामी होतेय. गच्चीवर आणि मागच्या छज्ज्यावर मिळून सव्वीस मशिनं आहेत. सगळी आर-बावीसची. सोमवारी भंगारवाला घेऊन जाणार."

"साधारण किती गॅस असेल?"

"पंचावन्न किलो," मी म्हणालो.

हे मी बनवून सांगत नाही. सव्वीस मशिनं, एकेकात दोन किलोच्या थोडा वर. कोणीही मेकॅनिक हाच अंदाज देईल. मॅडमच्या समोर तोंडातून आकडा निघाला आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. जे गेलं ते परत येत नव्हतं. पण हे अजून नळ्यांत होतं. कमलची पुरी अकरा वर्षं मरोळच्या एका बिल्डिंगवर अजून शाबूत होती, आणि सोमवारपर्यंत होती.

मॅडमनी मशीन द्यायचं कबूल केलं, दोन टाक्याही.

बिल्डिंग रिकामी करायचं कंत्राट मार्तंडशेठचं होतं. त्यांना फोन केला आणि दोन दिवस जास्त मागितले.

"कुंडलिक, सोमवारी दहाला भंगारवाल्याचा टेम्पो येणार," ते म्हणाले. "मला मशिनं रिकामी पाहिजेत. कशी करतोस ते तुझं तू बघ. पण दहा म्हणजे दहा."

मग माझा जोडीदार जयवंत. जयवंत परब, मूळचा कुडाळकडचा. त्याचे वडील लालबागला मिलमध्ये होते. आम्ही चोवीस वर्षं एकत्र काम करतो. कमल त्याला भावजी म्हणायची आणि तो तिला वयनी. ती आजारी असताना तो दर रविवारी शहाळी घेऊन यायचा. ती गेल्यावर पहिला महिना मी कामावर गेलो नाही, तर माझी कामंही त्याने केली आणि त्याबद्दल एक शब्द बोलला नाही.

त्याला मी फोनवर म्हणालो, "रविवारी गॅस सोडायचा नाही. मशीन आणतोय. सगळा टाकीत घ्यायचाय."

"कित्याक रे? सर्टिफिकेट मिळाला ना तुका?"

"घ्यायचाय म्हणून घ्यायचाय."

"सव्वीस मशिनं? अरे रात होतली. जेवतोस तरी काय तू हल्ली? गुडघे बघ तुझे. चार मशिनं घे, फोटो काढ, मॅडमक पाठव. झाला."

"जयवंत, नाही. सगळी."

"बरा बाबा, सगळी," तो म्हणाला.

तिथे मी त्याला सांगायला हवं होतं. पंचावन्न कसे झाले ते, चौकटीवर काय लिहिलंय ते. पण ते सांगायचं तर फडक्याचंही सांगावं लागलं असतं. जयवंतने तो फडका स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. एकदा तर सिलिंडर त्यानेच आणून दिला होता. मी म्हणालो, "आठला ये," आणि फोन ठेवला.

रविवारी मी साकीनाक्याच्या प्रशिक्षणाच्या हॉलमधून मशीन, काटा आणि दोन टाक्या रिक्षात घातल्या आणि मरोळला पोचलो तेव्हा आठला दहा कमी होते. गेटवर धाकू वॉचमन होता.

"तुमचा माणूस वर आहे," तो म्हणाला. "साडेपाचलाच आला. मला झोपेतून उठवलं त्यानं."

मला बरं वाटलं. वाटलं, छज्ज्यावर उतरायला पट्टे-दोऱ्या लावून ठेवत असेल. लिफ्ट बंद होती. टाक्या धाकूपाशी ठेवून मी मशीन घेऊन जिना चढायला लागलो.

तिसऱ्या मजल्यावर मला आवाज ऐकू आला.

हा आवाज आमच्या धंद्यातल्या माणसाला झोपेतही कळतो. बारीक, सारखी, न थांबणारी शीळ. एका मशीनची नव्हती. दोन मशिनांची होती. मी मशीन जिन्यावर ठेवलं आणि धावलो. माझं वय सत्तावन्न आहे. कमल गेल्यापासून मी धावलो नव्हतो.

गच्चीचं दार उघडं होतं. समोर दोन रांगांत एकोणीस मशिनं. जवळजवळ प्रत्येकाच्या व्हॉल्व्हची टोपी काढलेली, आणि खाली जमिनीवर तेलाचा ओला डाग. गॅस जाताना थोडं तेल घेऊन जातो, तो डाग. एक, दोन, तीन, चार, मी पुढे जात होतो आणि डाग संपत नव्हते. शेवटच्या दोन मशिनांच्या नळ्यांवर पांढरा बर्फ चढला होता. जयवंत तिथे पालथ्या बादलीवर बसला होता, नाकाला रुमाल बांधून.

"इलंस?" तो रुमाल खाली करून म्हणाला. त्याचा चेहरा खूश होता. "बस जरा. चाय सांगतंय. ही बाजू सगळी रिकामी केलंय बघ. आता तुझ्या त्या मशीनक मागचे सात पुरे. दुपारी जेवाक घरी."

मी सरळ त्या शीळ वाजणाऱ्या मशीनपाशी गेलो आणि नळीच्या तोंडावर अंगठा दाबला.

"अरे! येडो झालंस काय? हात जळतलो!"

"चावी," मी म्हणालो. "व्हॉल्व्हची चावी दे."

"सोड आधी! सोड!"

"चावी दे रे, जयवंत!"

माझा आवाज असा कधी निघाला नव्हता. त्याने खिशातून चावी काढली, पण मला दिली नाही. स्वतःच वाकून तो व्हॉल्व्ह बंद केला, मग शेजारचा. शेजारच्यात काही उरलंच नव्हतं. शीळ थांबली. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज यायला लागला.

माझा अंगठा गारठून पांढरा पडला होता. त्याला काही जाणवत नव्हतं. जयवंतने माझा हात धरून बादलीवर बसवलं आणि बाटलीतलं पाणी अंगठ्यावर ओतत राहिला. तो घाबरला होता.

"काय झाला काय तुका? मी बरा म्हणान केलंय. तू सबंध दिवस वर-खाली करतलंस, चक्कर येऊन पडलंस तर? पोरगी तुझी नाशकाक. मीच धावतलंय ना? सर्टिफिकेटाक फोटोच लागतत ना?"

"फोटो नकोत," मी म्हणालो.

"मगे काय होया?"

मग मी सांगितलं. कागदावर एकशे वीस लिहिले तिथपासून. एक किलोचे अठराशे. चौकटीवरचे शंभर टन. भागाकार. पंचावन्न. जयवंत आधी पाणी ओतत ऐकत होता. मग पाणी संपलं, तरी बाटली तशीच तिरकी धरून राहिला.

"म्हणजे वयनीचा एक वरीस..."

"पाच किलो."

त्याने मान वळवून त्या दोन रांगांकडे बघितलं. ओठ हलत होते. तो मोजत होता. मी मघाशीच मोजलं होतं.

"चाळीस," तो म्हणाला. "चाळीस-एक्केचाळीस किलो गेलो."

"हो."

"म्हणजे आठ वर्सा."

"हो."

"मी साडेपाचपासून..." तो खाली बसला, तिथेच, तेलाच्या डागांत. त्याची पँट खराब झाली. "आठ वर्सा सकाळच्या दोन तासांत सोडलंय मी? वयनीची?"

मला त्याचा राग यायला हवा होता. धावत वर येताना आला होता. पण त्याचा चेहरा बघितला आणि तो राग कुठे गेला कळलं नाही. हॉलमध्ये फळ्यासमोर बसलो होतो तेव्हा माझा चेहरा असाच झाला असेल. शेजारच्याने पाणी विचारलं होतं.

मग जयवंत म्हणाला, "माका आधी सांगलंस कित्याक नाय?"

ओरडून नाही, साध्या आवाजात विचारलं. आणि त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे एकच गोष्ट होती. ती मी सांगितली. फडक्याची. रोज दीडशे ग्रॅम, सत्तर दिवस. तिने विचारलं होतं, काही होत नाही ना, आणि मी नाही म्हणालो होतो. हे मी मुलीलाही सांगितलं नव्हतं.

जयवंतने रिकाम्या बाटलीला बूच लावलं. "त्यातलो एक सिलिंडर मी दिलेलंय."

"माहीत आहे."

"वयनीक बरा वाटायचा पण."

"हो. वाटायचं."

"मगे ता ह्या हिशोबात धरू नको."

"हवेला काय कळतं, कशासाठी सोडला ते," मी म्हणालो.

धाकू चहा घेऊन वर आला. आम्हा दोघांना जमिनीवर बसलेलं बघून म्हणाला, "काय झालं? शॉक लागला का?" जयवंत म्हणाला, "होय," आणि दोन्ही कप त्याच्या हातातून घेतले.

चहा पिऊन जयवंत उठला. जिन्यावर ठेवलेलं मशीन तोच घेऊन आला. मग खाली जाऊन दोन्ही टाक्या खांद्यावर घेऊन आला, चार मजले. मी एक तरी घेतो म्हणालो तर म्हणाला, "तू गप बस. अंगठो बघ आधी."

मागची सात मशिनं छज्ज्यावर होती. गच्चीच्या कठड्यावरून पट्टा बांधून खाली उतरावं लागतं. जयवंतचं वय चोपन्न. आजकाल असल्या कामाला आम्ही भाड्याने तरुण माणूस घेतो. त्याने पट्टा कमरेला बांधला, मला दोरी धरायला लावली आणि उतरला. खालून ओरडला, "कसा जोडू सांग. एकेक करून सांग. घाई करू नको."

मी सांगत गेलो. निळा पाइप एसीतून मशीनला, मशीनचा लाल पाइप टाकीला. आधी पाइपातली हवा काढ. आता व्हॉल्व्ह उघड, पाव फेरा. काट्यावर टाकीचं वजन शून्य करून ठेवलं होतं. मशीन घरघरायला लागलं. काट्यावर आलं चाळीस ग्रॅम. मग नव्वद. मग एकशे साठ.

"येता काय?" जयवंतने खालून विचारलं.

"येतोय."

"किती?"

"दोनशे."

थोड्या वेळाने परत, "आता किती?" असं त्याने पहिल्या मशीनला दहा वेळा विचारलं असेल. दोन किलो तीनशेवर काटा थांबला.

साडेअकराला मार्तंडशेठचा फोन आला. माझा हात मोकळा नव्हता. जयवंत वर आला होता, त्याने उचलला.

"झालं का रे?"

"नाय शेठ."

"जयवंत, सकाळी फोन करून तूच म्हणालास ना, गच्चीवरची झाली?"

"गच्चीवरची झाली," जयवंत म्हणाला. "मागची सात होतत."

"सातला एवढा वेळ?"

"एवढोच लागता. घाई असेल तर तुम्ही येवा छज्ज्यावर, पट्टो रिकामो आसा."

शेठ काही तरी बोलले. जयवंत म्हणाला, "होय, दहा म्हणजे दहा," आणि फोन माझ्या खिशात घातला. मग मला म्हणाला, "उद्या गोरेगावचा काम आसा. तिकडची किती?"

"अकरा. पण तिथे नवा गॅस आहे, चारशे दहा. तो याहून वाईट."

"ह्याहून?"

"एक किलोचे दोन हजारांच्या वर."

त्याने तोंडावरून हात फिरवला. "मॅडमक फोन कर. मशीन उद्याही होया म्हणान सांग. भाडा काय ता मी देतंय." आणि पट्टा बांधून परत खाली उतरला.

छज्ज्यावरचं सहावं मशीन लावलं आणि काटा हललाच नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. जयवंतने सांधे तपासले, पाइप काढून परत जोडला. मशीन आधीच रिकामं होतं. कधीतरी कुठल्या तरी फटीतून आपोआप गेलं असणार, कित्येक वर्षांपूर्वी. जयवंतने त्या पत्र्यावर मूठ आपटली आणि एक शिवी दिली. कोणाला दिली ते कळलं नाही. मशीनला, ते बसवणाऱ्याला, की स्वतःला. ते कदाचित आम्हीच बसवलं असेल. मरोळमध्ये त्या काळात आम्ही पुष्कळ मशिनं बसवली.

मग सातवं झालं. शेवटी सकाळी ज्याच्यावर मी अंगठा दाबला होता ते गच्चीवरचं मशीन घेतलं. त्यातून सहाशे ग्रॅम आला.

दुपारचे तीन वाजले होते. दुसरी टाकी लागलीच नाही. काट्यावर तेरा किलो चारशे होते. जयवंत माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत राहिलो.

"म्हणजे?" तो म्हणाला. त्यालाही येत होतं मोजता. पण माझ्याकडून ऐकायचं होतं.

"अडीच वर्षं. वर थोडं."

जयवंतने टाकीचा व्हॉल्व्ह फिरवून बंद केला. पाइप काढला. मग परत व्हॉल्व्हवर हात ठेवून अजून एकदा घट्ट केला. तरी त्याचं समाधान होईना.

"तू बघ एकदा," तो म्हणाला.

मी डाव्या हाताने बघितलं. उजव्या अंगठ्याला अजून काही कळत नव्हतं. व्हॉल्व्ह बंद होता. मी तसं त्याला सांगितलं.